माझी चिप आणि आईचे बोंबील

आता काय सांगू तुम्हाला, माझी अब्रू सुक्या बोंबलांनी घालवली! चहा घ्या, सांगतो.

बोईसरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी पाण्यातला अमोनिया ओळखणारी चिप बनवली. काचेची पट्टी, तिच्यात केसाएवढे बारीक पाट, पाटात जेलचा ठिपका. अमोनिया लागला की पिवळं जेल निळं होतं. चिप यंत्रात घातली की ते तिच्यातून उजेड सोडतं: जेल पिवळं तर हिरवा दिवा, निळं तर लाल. तारापूरच्या एका कारखान्याने चिप घेतली तर आमची प्रयोगशाळा तरणार, नाहीतर टाळं!

चिप दाखवायच्या दिवशी सकाळी दातिवऱ्याच्या घरून निघताना आईने माझ्या पिशवीत बोंबील कोंबले.

"साह्यबाकडं रिकाम्या हातानं जातंस का?"

"अगं, मला चिप दाखवायचीय!"

"दाखव की! बोंबील पन दे."

चिपांच्या डबीचं झाकण जरा सैल होतं. म्हटलं, बोंबील काय चिपा खाणार आहेत?

कारखान्यात साहेबांनी शुद्ध केलेलं सांडपाणी तपासायला दिलं. लाल दिवा! साहेबांचं तोंड पडलं. मग नवी चिप, पिण्याचं पाणी. लाल!

शहाण्या माणसाने चिपवर संशय घेतला असता. मी पाण्यावर घेतला!

"साहेब, पाणी बंद करा! माणसं आजारी पडतील!"

कॅन्टीनचा आचारी धावत आला. "साहब, सुबह से सब यही पानी पी रहे हैं!"

झालं! एकाला मळमळायला लागलं, दुसऱ्याचं डोकं गरगरलं. चहाचं आधण मोरीत गेलं. साहेबांनी पाण्याची सीलबंद बाटली फोडली. तीही लाल!

आता मात्र मी चरकलो. आणखी एक चिप काढायला पिशवी साहेबांपुढेच सताड उघडली, तर साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हा कसला वास?"

"कसला वास?"

मी खरंच विचारलं हो! सुकत घातलेल्या बोंबलांखाली रांगत मोठा झालेला माणूस मी. मला ती साधी हवा वाटते.

डबीत बघितलं. सगळे ठिपके आधीच निळे! सुक्या मासळीच्या वासातही अमोनिया असतो, आणि पिशवीत बसून बोंबलांचा वास पिऊन घेतलेला त्यांनी. पाण्यात काहीच नव्हतं. मी नुसत्या दिव्याकडे बघत बसलो होतो, ठिपक्याकडे एकदाही बघितलं नाही. तिथेच बसून रडावंसं वाटलं.

साहेबांनी चिपा परत केल्या. बोंबील ठेवून घेतले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. झडप घालून उचलला.

"अहो, ते अजून मिळतील का?"

"चिपा?"

"छे हो, बोंबील!"

आईला सांगितलं, तर ती खूश. "बग, माजा माल पास झाला!"

प्रयोगशाळेला टाळं लागलं. त्या कारखान्यात मी अजूनही जातो, बोंबील पोचवायला. गेटवरचा वॉचमन मला न बघताच ओळखतो. कसा, ते मला विचारू नका. मला तर कसलाच वास येत नाही!