डॉ. बिराजदारांचं ‘सोडा’

मुलाखतीत डॉ. बिराजदारांनी मला शिक्षण विचारलं नाही की अनुभव. माझा अर्ज टेबलावर पालथा ठेवून ते म्हणाले, “ताई, तुमच्या घरी बाथटब हाय का?”

मी हो म्हटलं.

“मग सोमवारपासून या.”

कॅनडातल्या सस्कॅचवनमधल्या आमच्या लहानशा गावात जनावरांचा दवाखाना चालवणारा माणूस उदगीरकडचा निघेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नवऱ्याचं काम घरूनच चालायचं, म्हणून किचनर शहर सोडून आम्ही या सपाट मुलखात आलो होतो. दवाखान्यात मी फोन घ्यायचे आणि अपॉइंटमेंट लिहायचे. बाथटबचा उलगडा तिसऱ्या आठवड्यात झाला. एप्रिल संपत आला होता, गायी विण्याचा हंगाम होता आणि रात्रीतून पारा घसरला होता. सकाळी डॉक्टर एक ओलं, ताठरलेलं वासरू खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे. दवाखान्यातल्या टबात आधीच दुसरं वासरू होतं. त्यांनी वासराच्या तोंडात बोट घातलं आणि मलाही घालायला लावलं. तोंड आतून बर्फासारखं गार होतं.

“तोंड गार म्हणजे येळ कमी,” ते म्हणाले. “कोमट पाणी सोडा. आधी कोपर बुडवून बघा, मग वासरू.”

तासाभरानं त्या वासरानं माझी बाही चोखायला सुरुवात केली. माझा मुलगा दारातून म्हणाला, “मॉम, आय नीड द वॉशरूम.” डॉक्टर मराठीत म्हणाले, “थांब बाळा, पेशंट हाय.”

साठीला आलेला, किरकोळ अंगाचा हा माणूस एप्रिल-मेमध्ये नीट जेवायचा नाही. इथला वसंत फसवा. दुपारी लोक अर्ध्या चड्डीत गवत कापत असतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गवतावर वीतभर बर्फ असतो. डॉक्टर जून उजाडेपर्यंत बर्फासाठीचे विंटर टायर काढत नसत. फोनवर हवामान पाहायचे आणि तरीही मागचं दार उघडून बाहेर उभे राहायचे. मी म्हणायचे, “डॉक्टर, पंधरा डिग्री दाखवतंय.” ते म्हणायचे, “वाऱ्यानं ते वाचलेलं नसतंय, ताई.” मग एकेका शेतकऱ्याला फोन लावून विचारायचे, वासरं कोरडी आहेत का, आडोसा आहे का. लोक हसायचे, पण त्यांचा फोन उचलायचे.

अशा माणसाकडून ते घडलं, म्हणून ते मला अजून टोचतं.

मार्था नावाची एक सत्तरीची विधवा गावापासून चाळीस किलोमीटरवर एकटीनं गायी सांभाळायची. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्या गोठ्यालगतच्या वाड्यात चिखल माजला आणि वासरांना हगवण लागली. दाटीत ती एकमेकांना लागत होती. तिनं फोन करून विचारलं, दूरच्या मोकळ्या कुरणात सोडू का? त्या दिवशी पंचवीस डिग्री होतं आणि अंदाज साध्या पावसाचा होता. डॉक्टरांनी मागचं दार उघडून पाहिलं, परत येऊन फोन घेतला आणि म्हणाले, “सोडा.”

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस आला, आणि अंधार पडता पडता त्याचा बर्फ झाला. सकाळी खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. फोनवर डॉक्टरांचा आवाज अगदी बारीक होता. “ताई, दवाखान्यातली मदतनीस पोरगी तिच्या गावी अडकलीय. मार्थाकडं निघालोय. एकाला दोघं असलेली बरी. नको म्हणालात तरी चालंल.”

नवरा म्हणाला, “तू वेडी आहेस का?” मी बूट चढवले.

बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे मागे आम्ही दोन तास रांगत गेलो. डॉक्टर एकदाच बोलले. “भिजून गारठतेत ती. कोरडी असती तर निभावली असती.”

मार्थानं ट्रॅक्टरवरून तेवीस वासरं आणून स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, बेसमेंटच्या पायऱ्यांवर ठेवली होती. वीज गेली होती. गॅसवर पाण्याची पातेली चढवलेली होती. मी टबापाशी बसले. एक वासरू पाण्यात, एक टॉवेलात, तिसरं रांगेत. डॉक्टर प्रत्येकाच्या तोंडात बोट घालत, नळीनं चीक पाजत पुढे जात होते. काहींपाशी ते थांबत नव्हते. का थांबत नाहीत, हे मला थोड्या वेळानं कळलं, आणि मी त्यांच्याकडे पाहायचं सोडून दिलं.

मध्येच ते मार्थासमोर उभे राहिले. “मी सोडायला सांगितलं होतं.”

“मी विचारलं, तू सांगितलंस,” मार्था म्हणाली. “इथे ठेवली असती तर हगवणीनं गेली असती. हे धर, हे हलतंय.” आणि तिनं एक वासरू त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी वारा पडला. कुरणातली आणि घरातली मिळून चौदा वासरं गेली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडलं आणि लोक अर्ध्या चड्डीत फिरू लागले. डॉक्टर एकटेच मार्थाकडे गेले आणि मेलेली वासरं ओढायला तिला मदत करून आले.

त्यानंतर मात्र त्यांनी सल्ला देणंच बंद केलं. कोणीही काही विचारलं की म्हणायचे, “तुमचं तुम्ही ठरवा, दोन्ही बाजू हायती.” औषध द्यायचे, टाके घालायचे, पण हो किंवा नाही म्हणायचे नाहीत. हळूहळू लोक दुसऱ्या गावच्या डॉक्टरला विचारू लागले. फोन कमी वाजायला लागला, ते मलाच आधी जाणवलं. मी एकदा म्हटलं, “डॉक्टर, असं किती दिवस चालणार?” ते म्हणाले, “एक शब्द होता, ताई. दोन अक्षरांचा.”

पुढच्या मेमध्ये चिखलानं भरलेल्या बुटांनिशी मार्था स्वतःच दवाखान्यात आली. पुन्हा तोच वाडा, तशीच हगवण. सोडू का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत कसं सांगणार, आज तेवीस डिग्री आहे, उद्या काहीही होईल.

“हवामान माझ्याही फोनवर आहे,” मार्था म्हणाली. “मला तुझं मत हवंय. त्यासाठी चाळीस किलोमीटर आलेय.”

ते मागच्या खोलीत गेले. मार्था खुर्चीत बसून राहिली. मी उगाच कागद सारखे करत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “सोडा,” ते म्हणाले. “पण झाडांच्या कडेच्या कुरणात. आणि आज व्यालेल्या गायी गोठ्यातच ठेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी पारा शून्याखाली गेला आणि बर्फ भुरभुरू लागला. डॉक्टरांनी दुपारपर्यंत मार्थाला सहा फोन केले. सातव्या वेळी माझ्या टेबलापर्यंत तिचा आवाज आला, “आता ठेव फोन, मला कामं आहेत.” त्यांनी डबा उघडला आणि तसाच मिटला. तीन वाजता बर्फ वितळला. एक वासरू गेलं, तेही आधीच अशक्त असलेलं. डॉक्टर जाऊन ते पाहून आले, हात धुतले आणि फोनवर थांबलेल्या दुसऱ्या माणसाला, त्याची गाय उचलून आणायची की जागेवरच उपचार करायचे, ते सरळ एका वाक्यात सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी ते दवाखाना दुसऱ्याकडे सोपवून किचनरजवळच्या लंडन नावाच्या गावी मुलीकडे राहायला निघाले. सामान गाडीत भरून झाल्यावर मी विचारलं, “डॉक्टर, मार्थाला दुसऱ्यांदा सांगताना भीती नाही वाटली?”

“वाटली की. अजून वाटायलीय,” ते म्हणाले. “पण इचारणारं माणूस बाहेर ताटकळायलंय आन् आपण आत भीत बसायचं, हे काही बरं दिसत नाही, ताई.”

मग ते न्यायला आलेल्या मुलीशेजारी गाडीत बसले. मे महिना होता, बाहेर बावीस डिग्री होतं, आणि त्यांच्या अंगात जाड कोट होता.