गोऱ्या मास्तराला मारलेली थाप

शनिशिंगणापुरात मी कुलूप विकलंय. ज्या गावात घरांना दारंच नाहीत, तिथं कुलूप. आहे का पंचक्रोशीत कुणाची छाती? आता खरं सांगायचं तर विकलं नव्हतं, तिथल्या मेव्हण्याला फुकट दिलं होतं आणि त्यानं ते दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. पण एक रात्र कुलूप तिथं राहिलं, एवढं तरी मान्य करा.

असा मी. शिक्षण चौथी पास, तेही मास्तर कंटाळले म्हणून. सोनईजवळच्या आमच्या गावात लोकांच्या खोड्या काढता काढता म्हातारा झालो. अशा माणसाची फजिती व्हावी? झाली. आणि कुणी केली, तर मीच. ऐका, चहा गार झाला तर दुसरा सांगू.

आमच्या शाळेत वर्षभरासाठी एक गोरा मास्तर इंग्रजी शिकवायला आला. डॅनियल नाव, आयर्लंडचा. उंची एवढी की दारातून येताना वाकायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, माणूस किती नम्र हाय. पुण्यात दोन महिने मराठी शिकून आलेला, त्यामुळे बोलणं छापील.

"नमस्कार आप्पा. आपली प्रकृती कशी आहे?"

माझ्या प्रकृतीची एवढी चौकशी डॉक्टरनं पैसे घेऊनही कधी केली नव्हती. राग येणार नाही तर काय?

स्टँडसमोरच्या हॉटेलात आधी माझ्याभोवती माणसं बसायची. आता सगळी बाकडी त्याच्याकडं फिरली. तो नुसता "चहा गोड आहे" म्हणाला तरी माणसं मांड्या थोपटून हसायची. मी तीस वर्षं त्याच हॉटेलात घसा फोडतोय, चहा गोड असल्याचं मला कधी सुचलं नाही.

तेही सोसलं. पण त्यानं संध्याकाळी पाच वाजता समाजमंदिरात बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला, आणि आमची मंडळी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत. जिचे गुडघे देवळाच्या तीन पायऱ्यांना नको म्हणायचे, ती आता वर्गाला पळत जायची. अंगावर लग्नाकार्याची साडी. माझा पाचचा चहा थर्मासमध्ये.

"वतून घ्या," एवढंच बोलायची.

चाळीस वर्षांचा संसार, आणि आता माझी सोबत कुणाची, तर थर्मासची. वर मास्तराला डब्यातून ठेचा, भाकरी, भाकरीवर लोण्याचा गोळा. एक दिवस मी म्हणालो, "मलाबी लोणी आवडतं." तर म्हणाली, "तुमाला डॉक्टरनं बंद केलंय. सर दुबळं हायेत." सहा फूट दोन इंचाचा दुबळा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग एक दिवस तो आपण होऊन माझ्या तावडीत आला. हॉटेलात माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, एक शंका आहे. काल वर्गात मी विचारले, आपल्या पतीचे नाव काय? एकही स्त्री बोलली नाही. आपल्या पत्नीने तर पदर तोंडाला लावला. माझे काही चुकले का?"

आता आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आयर्लंडात कुठून ठाऊक असणार? माझ्या अंगात वारं शिरलं.

"सर, नाजूक गोष्ट हाय," मी म्हणालो. "बाई नवऱ्याचं नाव घेईना म्हंजी घरात बोलणं बंद हाय, असं समजायचं."

"एवढ्या सगळ्या घरांत?"

"दुष्काळी भाग. मानसं तापट. तुमी परके, या भानगडीत पडू नका. बायकांचा वर्गच बंद करा, म्हंजी बरं."

त्याचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, जिंकलो. उद्यापासून पाचचा चहा बशीत आणि मंडळी समोर.

पण हा बाबा भानगडीला घाबरणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो गावात समेट घडवत फिरायला लागला. शाळा सुटली की एकेक घर.

शेजारचा लक्ष्मण धापा टाकत आला. "आप्पा, गोरा सर माझ्या वसरीत बसून मला म्हनतो, पत्नीशी प्रेमाने बोला. आमचं काय भांडान बी न्हाई. पन बायको आतून ऐकत हुती. आता ती म्हनती, सर सांगत्यात तसं करा. मी काय बोलू?"

माजी सरपंचाला तर मास्तरासमोर बायकोला "दमलीस का?" असं विचारून दाखवावं लागलं म्हणे. मी पोट धरून हसत होतो. आपलंही घर त्याच गावात आहे, हे ध्यानातच नव्हतं.

पाचव्या दिवशी दारात मास्तर. हातात पेढ्यांचा पुडा, मागं लक्ष्मण, सरपंच आणि वर्गातल्या निम्म्या बायका.

"आप्पा," पुडा माझ्या हातात देऊन तो खाटेवर बसत म्हणाला, "आता हा अबोला पुरे. आज ताईंशी बोला."

मंडळी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "कसला अबोला, सर?"

"सगळ्या घरांत आहे ना? आप्पांनीच मला सांगितले."

मी खाटेखालची चप्पल शोधायला लागलो. लक्ष्मण माझ्याकडं बघतोय, सरपंच माझ्याकडं बघतोय. तेवढ्यात मास्तरानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, दुष्काळी भागासकट, वर्ग बंद करण्यासकट. छापील मराठीचा हाच तोटा, एक शब्द गाळत नाही.

मंडळीनं हात पुसले. पदर सारखा केला. मास्तराकडं तोंड करून ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय हजबंड नेम इज रंगनाथ."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मास्तराचे डोळे भरून आले, त्याला वाटलं समेट झाला. आणि मी? चाळीस वर्षं हे नाव तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. ऐकलं ते इंग्रजीत, आणि तेही दुसऱ्याच पुरुषाकडं बघून. जीव नुसता जळून गेला.

"एवढ्या वर्सांत एकदा घेतलं न्हाईस," मी म्हणालो, "आन ह्याच्यासमोर लगीच?"

तिनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून काढून घेतला.

"पयल्या दिवशी सरांनी मला माझं नाव इचारलं," ती म्हणाली. "मला घडीभर आठवंना. तुमीच सांगा, त्या नावानं तुमी मला शेवटची हाक कवा मारली हुती?"