साँत्रीफ्यूझ्योझचे चार तुकडे

कोल्हापुरात फ्रेंच शिकलो असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग "सांग की" म्हणतो. एक किस्सा सांगायला बसलं की मागून दुसरा ढकलत येतोच.

सत्तर-बहात्तरचा सुमार. शाळा सुटल्यावर एका रिकाम्या वर्गात कामतबाई आम्हाला फ्रेंच शिकवायच्या. विद्यार्थी तिघं. मी बँकेतला कारकून, निव्वळ हौशी. रसूलभाई छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ओळीच्या टोकाला शब्द कुठं तोडायचा, हे त्यांचं रोजचं दुखणं. आणि दत्ता पाटील, साखर कारखान्यातला फिटर. कारखान्यात फ्रान्सहून नवं यंत्र येणार होतं आणि ते शिकायला एकाच माणसाला तिकडं पाठवणार होते. अट एवढीच, की फ्रेंच यायला हवं. दत्ताचं काम चोख, पण जीभ हलता हलेना.

*

गरागरा फिरून साखरेतली मळी वेगळी काढणाऱ्या त्या यंत्राचं नावच अवघड. बाईंनी फळ्यावर त्याचे चार तुकडे पाडले: साँ-त्री-फ्यू-झ्योझ. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन सापडलं, तर तोडताना ते पुढच्या स्वराकडं जातं, असा नियमही सांगितला.

रसूलभाई म्हणाले, "म्हंजे नवरीगत. मागचं घर सोडून फुडच्या घरी."

पुढं प्रत्येक बॅचला बाईंनी तो नियम रसूलभाईंच्या नवरीसकट शिकवला.

*

मग शब्दाची घडण. आधी 'मध्य', मग 'पळणं', शेवटी 'ते करणारी'. मध्यापासून पळणारी, असा अर्थ बाईंनी लावून दिला.

दत्ता पहिल्यांदाच खुलला. "बरोबर हाय की बाई. मळी पळती, साखर हाय तितंच ऱ्हाती."

बाईंनी ते यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. त्याही खुलल्या.

*

तरी पाठ होईना, म्हणून दत्तानं तो शब्द तालमीत नेला. एका बैठकीला एक तुकडा. थोड्याच दिवसांत सगळी तालीम त्या तालावर बैठका मारायला लागली. वस्तादांनी विचारलं, "कुठल्या द्यावाचं नाव घेताय रं?"

साखरेच्या मशीनचं, असं दत्तानं खरं ते सांगून टाकलं. वस्ताद जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग आवाज वाढवा."

*

मुलाखतीला फ्रान्सचा साहेब आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि मुंबईहून आणलेला दुभाष्या आदल्या दिवशीच्या मिसळीनं आडवा झालेला. खोलीत साहेब, चेअरमन आणि दत्ता. इकडं आम्ही तिघं वर्गात ताटकळत. रसूलभाई दुआ मागत होते, बाई सारख्या खिडकीशी जात होत्या. हा चुकला तर पुन्हा कोण विचारतंय त्याला?

संध्याकाळी दत्ता पेढे घेऊनच आला आणि माझा जीव भांड्यात पडला. बाईंच्या तर डोळ्यांत पाणी.

मग त्यानं सांगितलं. साहेबानं लांबलचक काहीतरी विचारलं. दत्ताला ओ की ठो कळलं नाही. येत होता तो एकच शब्द, तो त्यानं चारही तुकडे सुटे करून ठणकावून सांगितला. साहेब मागं रेलून हसला आणि आणखी बरंच काही बोलला. चेअरमन दत्ताकडं वळले.

"काय म्हनतोय?"

"मलाच धाडा म्हनतोय."

"मग जा की!"

बाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "अरे, पण साहेब खरं काय म्हणाले?"

"ते तितं जाऊन इचारतो की, बाई."