गाडीखाली लावलेला चिरा

मित्रांनो, आज घडलेलं लगेच सांगतो.

आज दुपारी शिरगावच्या घरी मोटारसायकलचे मागचे शॉकअप काढायला घेतले. बायकोच्या मदतीने गाडी उचलून खाली जांभ्या दगडाचे दोन चिरे लावले. अख्खं घर चिऱ्यांवर उभं आहे, मग गाडी का नाही राहणार?

पडलेला नट घ्यायला बायकोने चाकाखाली हात घातला आणि एका चिऱ्याचा भुगा झाला. मी कॅरियर धरून ठेवला, पण तिची बोटं चाकाखाली अडकली होती आणि एकट्याने गाडी वर उचलेना.

"सोडू नका हां," ती म्हणाली.

हाका मारल्या, कोणी येईना. धीर यावा म्हणून शाळेतली कविता म्हणू लागलो, तर दुसऱ्या कडव्याला अडलो. पुढची ओळ तिनेच सांगितली, हात चाकाखाली असताना.

शेवटी शेजारी धावला, गाडी उचलून त्याने तिचा हात सोडवला. "मास्तर, चिरो भिंतीक बरो. गाडयेक लाकडाचो ओंडको होयो."

तिची दोन बोटं काळीनिळी झालीत. ती हलवून दाखव म्हणून मी सारखा मागे लागलोय.

तुमच्या गाडीखाली काय लावलंय, आत्ता जाऊन बघाल का?