थेट गेला तर आऊट

मी गोल्फ खेळतो असं सांगितलं की आमच्या नातेवाइकांत आधी शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतं, "म्हणजे ते साहेब लोकांचं?" आमच्या सात पिढ्यांत कोणी साहेब झालेला नाही. मी रंगाच्या कंपनीत खरेदी खात्यात नोकरी केली. निवृत्ती जवळ आली असताना आमच्या साहेबांना एका रविवारी चौथा भिडू कमी पडत होता म्हणून त्यांनी मला चेंबूरच्या मैदानावर नेलं, आणि मी तिथे अडकलो तो अडकलोच. तिथून माहुलच्या रिफायनरीच्या चिमण्या दिसतात आणि वारा तिकडचा असला की नाकालाही कळतं. तरी सकाळच्या ओल्या गवतावर उभं राहिलं की इतकी मोकळी जागा मुंबईत उरलीय यावर विश्वास बसत नाही.

खेळायचो मात्र भिकार. हे मी विनयाने म्हणत नाही, माझ्याबरोबर खेळलेल्या कोणालाही विचारा. माझा बॉल एकतर उजवीकडच्या झाडीत जायचा, नाहीतर पायाशीच सरपटत राहायचा. शेवटी मी तिथल्या कोचकडे गेलो. माझ्या मुलाच्या वयाचा, पण धीर मात्र संताचा. त्याने माझं काही मोठं बदललं नाही, बारीकसारीक गोष्टी तेवढ्या हलवल्या. मी काठी इतकी आवळून धरायचो की मनगटं दुखायची. तो म्हणाला, "काका, दुधाची पिशवी धरता ना, तशी धरा. आवळली तर फुटेल, सोडली तर पडेल." बॉल मी दोन पायांच्या मधोमध ठेवायचो, तो त्याने जरासा डाव्या टाचेकडे सरकवला. मारताना मी मान वर करून बॉल कुठे गेला ते बघायचो. त्यावर तो रोज ओरडायचा, "डोकं खाली, काका! बॉल कुठे पळून नाही चाललाय."

एवढ्याने माझा बॉल जमिनीवरून उठला. सरळही जायला लागला. एवढ्याशा गोष्टींनी एवढा फरक पडतो हे साठीला टेकल्यावर कळावं, याचा मला आनंदापेक्षा रागच जास्त आला. पण लांबी काही वाढेना. सराव करायची जी मोकळी पट्टी असते, तिच्या टोकाला पांढऱ्या फळ्यांचं एक बुटकं कुंपण आहे. माझ्याहून म्हातारी माणसं त्या फळ्यांपलीकडे बॉल टाकत होती. माझा बॉल त्यांच्या अलीकडेच दम टाकून बसायचा. कोच म्हणायचा, "तुम्ही काठीचा स्विंग पूर्ण करत नाही." मी म्हणायचो, करतो. तो मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवायचा आणि मी चष्मा पुसायचो.

याच सुमाराला दादाला अर्धांगाचा झटका आला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. घाटकोपरच्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही वाढलो, तिथेच तो आणि वहिनी अजून राहतात. मी लग्नानंतर मुलुंडला गेलो. झटका सौम्य होता म्हणे. पाय सुधारला, जीभ सुधारली, दादा पूर्वीसारखा टोमणे मारायला लागला. फक्त उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हात येईल, पण त्याला कामाला लावावं लागेल. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती दाबायला रबरी बॉल द्यायची आणि तो बॉल संध्याकाळपर्यंत खुर्चीखाली गेलेला असायचा. दादा तो हात मांडीवर ठेवायचा आणि त्यावर नॅपकिन पसरायचा. जेवताना डाव्या हातात चमचा धरून भिंतीकडे तोंड करून बसायचा. आम्हा मालवणी माणसांत माशाचे काटे चमच्याने काढणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मी इथे लिहीत बसत नाही.

एकदा निघताना वहिनी माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "भावजी, ह्यांनी तो हात सोडून दिलाय हो. डॉक्टर म्हणतात, जे काय व्हायचं ते या दोन-चार महिन्यांत. नंतर तो तसाच राहील." तिने पदर तोंडाला लावला. मी परत आत गेलो आणि दादाला वाटेल ते बोललो. लहान भावाने बोलू नये तेही बोललो. दादाने डाव्या हाताने टीव्हीचा आवाज वाढवला.

मला जो दादा आठवतो त्याचा उजवा हात म्हणजे आमच्या बिल्डिंगचं हायकोर्ट होतं. बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा होती, तिच्यात आम्ही रबरी बॉलने क्रिकेट खेळायचो. बाबा गिरणीतून आलेले, झोपलेले असायचे, म्हणून ओरडायचं नाही हा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक. भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या वकिलांचा बंगला होता. त्यांच्या बागेत गेलेला बॉल परत मिळत नसे. म्हणून टप्पा पडून गेला तर दोन रन आणि थेट गेला तर आऊट. मुंबईत बिल्डिंगखाली खेळलेल्या प्रत्येकाला हा नियम पाठ असेल. बाकीच्या जगात ज्याला सिक्सर म्हणतात, त्याला आमच्याकडे आऊट म्हणत.

बॅट दादाची, बॉल दादाचा, त्यामुळे अंपायरही दादाच. तो स्वतः बॅटिंग करत असला तरी अंपायर तोच. कोणी थेट मारला की दादा आधी भिंतीकडे बघायचा, मग एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा सुस्कारा टाकायचा, आणि मग त्याचा उजवा हात सावकाश वर जायचा, डोक्याच्याही वर, एक बोट सरळ. एवढा वेळ लावायची काही गरज नव्हती. मला त्या बोटाचा भयंकर राग यायचा.

एका मे महिन्यात माझ्या बॅटला एक बॉल असा काही बसला की हाताला कळलंसुद्धा नाही. तो भिंतीवरून, वकिलांच्या बदामाच्या झाडावरून पलीकडे गेला. वरच्या गॅलरीतून कोणीतरी टाळी वाजवली. मी वळून बघतो तर दादाचा हात वर. "सिक्सर आहे!" मी किंचाळलो. "थेट गेलाय. आऊट. बॅट दे," दादा म्हणाला, कारण पुढची बॅटिंग अर्थातच त्याची होती. मी रडलो, भांडलो, रात्री जेवायला येणार नाही म्हणून दाराआड बसलो. आई बांगड्याचं तिखलं वाढत म्हणाली, "भांडान पोट भरतला काय तुझा? ये, जेव." दादाने त्याच्या ताटातली तुकडी गुपचूप माझ्या ताटात ठेवली. त्याच हाताने. त्या दिवसांत परत जायला मिळालं तर मी आजसुद्धा दहा वेळा आऊट व्हायला तयार आहे.

असो. तर मी टीव्हीसमोर बोलून निघून गेलो आणि पुढच्या रविवारी मलाच चैन पडेना. मैदानावरून परस्पर घाटकोपरला गेलो. दादा खाली कंपाउंडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत ऊन खात बसला होता. आता तिथे सगळ्या गाड्याच असतात, एका गाडीची काय ती जागा मोकळी होती. मांडीवर नॅपकिन होताच. माझ्या हातात काठी बघून तो म्हणाला, "काय रे, छत्रीचं कापड कुठे गेलं?"

मला बरंच वाटलं, निदान बोलला तरी. मी त्याला काठी दाखवली, लोखंडी तोंडाची, जिला सात नंबर म्हणतात ती. कोचने काढलेला व्हिडिओ लावून मोबाईल त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने तो एकदा बघितला. परत बघितला. मग अंगठ्याने मागे-पुढे करत किती वेळ बघत बसला. दादा रागावला की आईच्या भाषेत शिरतो. "मेल्या, पुढे एवढा रान मोकळा असा, मगे हात कित्याक थांबवतंस?"

"कुठे थांबवतो?"

"हे बघ. बॉलला लागलं की तुझे हात छातीशी येऊन गप्प. पुढे जातच नाहीत." त्याने मान वर केली, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि हसायला लागला. झटक्यानंतर मी त्याला पहिल्यांदा असं हसताना बघत होतो. "तू अजून इथेच खेळतोयस रे! थेट जाईल म्हणून घाबरतोस."

मी भिंतीकडे बघितलं. बंगला जाऊन तिथे टॉवर आला होता, भिंत मात्र तीच होती. कोच बिचारा इतके महिने घसा फोडून सांगत होता, पण त्याला ही भिंत कुठून माहीत असणार? बॉल खाली ठेवायचा, बॅट लागली की आवरायची, मान वर करून कोणाच्या काचेवर गेला ते बघायचं. माझे सगळे दोष याच चिंचोळ्या जागेत तयार झालेले होते. आणि ते तयार करणारा समोर खुर्चीत बसून हसत होता.

"शेवटी उभा राहिलास की पट्ट्याचं बक्कल बॉल गेला तिकडे हवं," दादा म्हणाला. "असं." दाखवायला त्याने डाव्या हाताने काठी मागितली. एका हातात ती डगमगली. तो वैतागला, डाव्या हाताने त्याने उजवा हात उचलला आणि लहान मुलाचा हात पुस्तकावर ठेवावा तसा काठीवर ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. त्या क्षणी मी काही बोललो असतो तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

मग दर रविवारी हेच सुरू झालं. मी गाड्यांना लागला तरी चालेल असा भोकाभोकांचा हलका प्लॅस्टिकचा बॉल घेऊन जायचो, दादा खुर्चीतून शिव्या द्यायचा आणि मध्येच काठी मागायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "काका, रबरी बॉल राहू दे, हीच काठी धरा, मला चालेल." हळूहळू उजवी बोटं काठीभोवती वळायला लागली. चहाचा कप धरता यायला लागला. पण हात छातीच्या वर जात नव्हता. खांदा तिथेच अडायचा आणि तिथे अडला की दादाचं तोंड उतरायचं. वहिनी मला खुणेनेच विचारायची. डॉक्टरांनी सांगितलेले महिनेही संपत आले होते.

एका रविवारी मी दोघांना गाडीत घालून मैदानावरच नेलं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सरावाच्या पट्टीमागे खुर्ची टाकून त्याला बसवलं. त्याने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली. मग म्हणाला, "एवढी जागा, आणि खेळायला चार टाळकी! आपल्याला यातलं एवढंसं मिळालं असतं ना..." वहिनीने थर्मास उघडला.

माझे पहिले बॉल नेहमीसारखे गेले. बघायला दादा आहे म्हटल्यावर हात जास्तच आखडत होते. "भिंत नाही रे तिथे," मागून आवाज आला. मी पकड सैल केली. बॉल जरा पुढे सरकवला. डोकं खाली. आणि काठी फिरवताना स्वतःला सांगितलं की जाऊ दे कुठे जातो तो, वकील काय म्हणायचे ते म्हणू देत. हात थांबले नाहीत. ते छातीपुढून, खांद्यावरून पार मागे गेले, आणि मी उभा राहिलो तेव्हा बक्कल समोर होतं. हाताला काही कळलंच नाही. वर बघितलं तर बॉल अजून वरच होता. तो पांढऱ्या फळ्यांवरून सरळ पलीकडच्या झुडपांत गेला. मध्ये एकही टप्पा नाही.

मी वळलो. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू?

दादा फळ्यांकडे बघत होता. मग त्याने सुस्कारा टाकला. मग नॅपकिनखालून उजवा हात निघाला. छातीपर्यंत आला आणि तिथे अडला. मला वाटलं, झालं, इथवरच. वहिनी थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी होती. हात थरथरला, खांद्याशी आला, खांद्याच्या वर गेला, कानाच्याही वर गेला. बाकीची बोटं नीट मिटत नव्हती, पण एक बोट सरळ उभं होतं.

"आऊट," दादा म्हणाला.

"सिक्सर आहे," मी म्हणालो. मी चष्मा पुसायला काढला.

"थेट गेलाय. बॅट दे."

वर गेलेला तोच हात त्याने माझ्यापुढे धरला. मी त्याच्या उजव्या हातात सात नंबर ठेवली आणि आऊट झालेल्याने व्हावं तसा बाजूला झालो.