नांदोचा नवरा

नंदा चौगुले आइंडहोव्हनला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक मुलगी आणि गडहिंग्लजची बोली आली. बॅगा आठ दिवसांत रिकाम्या झाल्या. मुलगी, हिमानी, वर्षभरात डच बोलायला लागली. बोली मात्र होती तशीच राहिली.

त्या बाजूच्या बायका स्वतःबद्दल बोलताना थेट पुरुषाचं क्रियापद वापरतात. "जातो गं", "आलो की", "दमलो बाई". त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण आइंडहोव्हनच्या गणपतीत सगळा पुण्या-मुंबईचा भरणा. तिथं ज्ञानदा नावाच्या एका हौशी बाईनं चारचौघांत विचारलं, "अय्या नंदाताई, तुम्ही 'मी जातो' म्हणता? मग दत्ताभावजी काय म्हणतात, 'मी जाते'?"

"त्यांना बोलायला मिळतंय कुठं?" नंदा म्हणाली आणि मोदकाचं ताट घेऊन पुढं गेली.

दत्ता चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनियर. आठ वर्षं इथल्या सरकारी कागदांवर नंदा म्हणजे फक्त त्याची बायको, तिची स्वतःची अशी काही ओळख नव्हती. म्हणून तिनं डच शिकून घेतलं, मदतनिसाचा कोर्स केला आणि वून्सेल भागातल्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. छातीवर स्वतःच्या नावाचा बिल्ला लागला त्या दिवशी ती तो लावूनच भाजी आणायला गेली होती. पण नोकरी कच्ची. तीन कंत्राटं झाली की माणसाला कायम करायचं, नाहीतर निरोप द्यायचा, असा तिथला कायदा. २०१६च्या पावसाळ्यात नंदाचं तिसरं कंत्राट चालू होतं आणि ते नोव्हेंबरअखेर संपणार होतं.

त्या वृद्धाश्रमात सहा स्पॅनिश म्हातारे होते. पन्नास वर्षांपूर्वी बल्बच्या कारखान्यात कामाला आलेले, इथंच पिकलेले. आता विसराळूपणात त्यांचं डच गळून पडलं होतं आणि आईची भाषा तेवढी शिल्लक होती. 'दुखतंय' म्हणाले तरी कुणाला कळेना. म्हणून विभागप्रमुख हॅनेकेनं दवाखान्यापुरत्या स्पॅनिशचा दहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला आणि जाहीर करून टाकलं, "एक कायम जागा आहे. जी या सहाजणांना सांभाळून दाखवेल, तिची."

वर्गाची बाई बेगोन्या, बिल्बाओची. भाषेबरोबर ती रीतभातही शिकवायची. "या पिढीला एकेरी हाक मारू नका. आधी नावाला 'दॉन' लावा. मग झोप झाली का विचारा, मग मुलाबाळांचं. सुईचं नाव सगळ्यात शेवटी." डच पोरी वहीत भराभरा उतरवून घेत होत्या. हे शिकवायला बाई नेमावी लागते, याचंच नंदाला हसू आलं.

ती अडायची ते वेगळ्याच ठिकाणी. स्पॅनिशमध्ये दमलेली बाई 'कान्सादा' आणि दमलेला बुवा 'कान्सादो'. डचमध्ये ही भानगड नव्हती. बाई दमो की बुवा, शब्द एकच. इथं मात्र नंदाची जीभ बरोब्बर गडहिंग्लजला जाऊन यायची.

"एस्तोय कान्सादो," नंदा म्हणाली.

"कान्सादा," बेगोन्या म्हणाली.

"तेच की. कान्सादो."

"नंदा, तू पुरुष आहेस का?"

"न्हाई. गडहिंग्लजची आहे."

बेगोन्यानं नकाशात गडहिंग्लज शोधलं म्हणतात. सापडलं नाही.

आता त्या सहाजणांतला एक होता दॉन एलादिओ. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांना फक्त सावल्या दिसायच्या. डाव्या पायाला जखम होती. ती रोज धुवून पट्टी बदलायला हवी होती. पण एलादिओ कुठल्याही बाईला अंगाला हात लावू देत नव्हता, आणि विभागात पुरुष कर्मचारी एकही नव्हता. दोघींच्या अंगावर त्यानं ओला स्पंज फेकला होता, तिसरीच्या अंगावर अख्खं घमेलं. वर भाषण. नंदाला स्पॅनिश कळायला लागलं तसं त्याचं बोलणं तिच्या डोक्यात आपोआप गावाकडच्या मराठीत उतरायला लागलं. "जल्मलो तवा एका बाईनं धुतलं. मेल्यावर दुसरी धुईल. मधल्या काळात माझं मी बघतो!"

जखमेला वास यायला लागला. हॅनेके नंदाला म्हणाली, "उद्या तू जा. याचा पाय धुतलास तर मी बाकी काही बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदानं गरम पाणी, टॉवेल, पट्ट्या असं सगळं घेतलं आणि दारावर टकटक केली. पाठ केलेलं वाक्य तिनं आपल्या खर्जातल्या आवाजात, शेतावर हाक मारावी तसं ठोकून दिलं, "दॉन एलादिओ, येऊ का? एस्तोय लिस्तो." म्हणजे, मी तयार आहे.

आतून आवाज आला, "अखेर एक बाप्या पाठवला म्हणायचा! नाव काय रं तुझं?"

"नंदा."

"नांदो! म्हणजे फर्नांदो. ये बाबा, ये. या बायकांनी जीव नकोसा केलाय."

आणि म्हाताऱ्यानं पाय पुढं केला.

त्यातलं 'बाप्या' आणि 'फर्नांदो' नंदाच्या कानावरून गेलं. तिला वाटलं, आपलं स्पॅनिश इतकं फर्मास झालंय की म्हातारा विरघळला. पंधरा दिवस ती रोज जात होती. आधी झोपेची चौकशी, मग गावाची, मग पाय. जखम भरत आली. म्हातारा तिला गुपितं सांगायला लागला: हॅनेकेची चाल बदकासारखी आहे, सूप म्हणजे नुसतं गरम पाणी आहे, आणि दाढी करायची तर ब्लेड असं उलटं धरावं. हे शेवटचं त्यानं तिच्या गालाशी हात नेऊन सांगितलं, तेव्हा नंदा जराशी चमकली.

"चांगली घोटून करतोस दाढी," एलादिओ कौतुकानं म्हणाला. "एक खुंट लागत नाही हाताला."

आता मात्र तिच्या डोक्यात उजेड पडला. नांदो. बाप्या. लिस्तो. ती घमेलं उचलून जी बाहेर पडली ती थेट भांडारात जाऊन चादरींत तोंड खुपसून हसली.

हसू ओसरल्यावर तिनं स्वतःच जाऊन हॅनेकेला सांगितलं. डच माणसाला सगळं चालतं, फक्त खोटं चालत नाही. हॅनेकेनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो तुला पुरुष समजतो? आणि म्हणून धुवू देतो?"

"मी तसं कधी म्हटलं नाही हो. माझी जीभ म्हणाली."

"त्याला कळायला हवं. त्याच्या अंगाला कोण हात लावतं हे ठरवायचा हक्क त्याचा आहे." हॅनेकेचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. "उद्या माझ्यासमोर सांगायचं. त्यानंतरही त्यानं तुला ठेवलं तर जागा तुझी. घमेलं फेकलं तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल."

रात्री स्वयंपाक करता करता नंदा वाक्य घोकत होती. आपलं लग्न झालंय, नवरा आहे, एवढं सांगितलं की पुरे, म्हातारा काय ते समजेल. 'एस्तोय कासादा. तेंगो मारीदो.' कासादा. दा. दा. दा.

"मम्मी, are you okay?" हिमानीनं विचारलं.

"पोहे खा गप."

सकाळी खोलीत तिघं. एलादिओ खुर्चीत, हॅनेके दाराशी हाताची घडी घालून, नंदा घमेलं धरून. घमेलं तिनं मुद्दाम आपल्याच हातात ठेवलं होतं.

"दॉन एलादिओ," ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. एस्तोय कासादो. तेंगो मारीदो."

शब्द तोंडातून सुटला आणि तिला ऐकू आला. दो. गेलं सगळं! 'माझं लग्न झालंय' असं एका बाप्यानं सांगितलं होतं, आणि पुढं 'मला नवरा आहे' म्हणून जोडलं होतं.

एलादिओच्या धुरकट डोळ्यांनी तिच्या सावलीचा माग घेतला.

"नवरा?" त्यानं विचारलं. "बाप्याच ना?"

"हो," नंदा म्हणाली. आता यात खोटं काय होतं?

"माणूस कसाय? चांगलाय?"

"चांगला आहे."

"पितो?"

"नाही. गणपतीत नाचतो तेवढं."

एलादिओनं एक लांब श्वास सोडला. "चौसष्ट साली आम्ही चाळीसजण एका वसाहतीत राहत होतो. त्यात सामोरा गावचे दोघं होते. एकाच ताटात जेवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी चकार शब्द काढला नाही. पण कुणी त्यांच्यासंगं जेवायलाही बसलं नाही. मीबी न्हाई." त्यानं हात पुढं केला आणि चाचपडत नंदाचं मनगट धरलं. "रडतोस कशाला, पोरा? धू पाय. पाणी गार व्हायलंय."

नंदा खरंच रडत होती. निम्मं हसू कोंडून, निम्मं दुसऱ्याच कशानं तरी.

"काय म्हणाला?" हॅनेकेनं कुजबुजत विचारलं.

"मी सांगितलं, मला नवरा आहे. त्यांनी विचारलं, नवरा चांगला आहे का. मग म्हणाले, रडू नकोस, पाय धू."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. हॅनेकेनं नाक शिंकरलं. आपण म्हाताऱ्याला किती कमी ओळखलं, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि दुपारी कायम नोकरीच्या कागदावर तिची सही झाली.

बेगोन्याला नंदानं खरं ते सगळं सांगितलं. बेगोन्या पोट धरून हसली, मग म्हणाली, "आता नीट 'दा' लावून सांग त्याला."

नंदानं सांगूनही पाहिलं. पुढच्या सोमवारी ती शब्दाशब्दावर जोर देऊन म्हणाली, "दॉन एलादिओ, मी बाई आहे. कासादा. दा."

"दो," एलादिओनं मायेनं दुरुस्ती केली. "तू बाप्या हाईस, नांदो. नवरा केला म्हणून बाई होत नसतं कुणी. कुणाला असं बोलू देऊ नकोस."

नंदानं जाऊन हॅनेकेला तेही सांगितलं, त्या दिवशीच्या 'कासादो'सकट. हॅनेके म्हणाली, "दर सोमवारी सांगत जा."

मग एका रविवारी एलादिओनं हट्टच धरला, तुझा माणूस बघायचाय. दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, खांदे चाचपले आणि गंभीरपणे बराच वेळ स्पॅनिशमध्ये काहीबाही सांगितलं.

"काय म्हणत्यात गं?" दत्तानं विचारलं.

"म्हणत्यात, पोरगं गुणाचं आहे, त्याला नीट सांभाळा."

"कुठलं पोरगं? आपल्याला तर पोरगी हाय."

"तुम्ही मान हलवा हो नुसती," नंदा म्हणाली.

दत्तानं मान हलवली. म्हाताऱ्याचं समाधान झालं. त्यानं उशीखालून एक संत्रं काढलं, सोललं आणि निम्मं निम्मं दोघांच्या हातावर ठेवलं.