मक्याची विहीण

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची भिल्लांची वस्ती आहे. तिथं बेबाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. मी गाडी चालवतो, बारा गावचं पाणी प्यालोय, पण तिच्या ओट्यासमोर हॉर्न वाजवत नाही.

हीच बेबाबाई यंदा उन्हाळाभर गप्प होती. तिच्या चुलीवर, आढ्याला, पांढऱ्या मक्याची कणसं टांगलेली असायची. सासूपासून चालत आलेलं बी. गेल्या साली त्याची पेरणी हुकली, आणि यंदा लेकानं, ललितनं, सांगून टाकलं की सगळ्या वावरात दुकानचं बियाणं पडणार, तुझ्या गावठी मक्याला जागा नाही. आता पेरलं नाही तर हे बी पुढं उगवायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तसा ललित वाईट नाही. घर त्याच्याच जिवावर चालतं, म्हणून तर म्हातारीला भांडता येईना.

अशात मेक्सिकोच्या डोंगरातले झापोटेक आदिवासी पाहुणे आले. एका संस्थेनं तिकडचे आदिवासी इकडे आणि इकडचे तिकडे असा भेटीचा कार्यक्रम ठरवला होता. जळगाव स्टेशनावरून त्यांना मीच आणलं. त्यातली मार्सेला बेबाबाईच्याच वयाची, तशीच सावळी, दोन वेण्या घातलेली. चहाला म्हणून बेबाबाईच्या घरात शिरली आणि कणसांपाशी थबकली. हात लावला, डोळे भरून आले.

दुभाषी सारिका म्हणाली, "त्या म्हणतात, मक्याचा जन्म आमच्या देशातला. फार पूर्वी तो समुद्र ओलांडून तुमच्याकडे आला."

बेबाबाईनं क्षणभरच विचार केला. "म्हनजे तुमनी पोर आमना घर उनी! मंग तू तं मनी याहीन शे!"

आणि विहीण म्हटल्यावर आमच्याकडे शिव्यांची गाणी आलीच. पदर खोचून तिनं सुरुवात केली. विहिणीचं नाक कसं, चाल कशी, लग्नात तिनं लाडू कसे चोरले! संस्थेच्या साहेबांना घाम फुटला. "हे भाषांतर करू नका," ते सारिकाला म्हणाले. पण सूर कळायला दुभाषी कशाला लागतो? मार्सेलानं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं, आणि मग आपल्या भाषेत अशी काही झाडली की बायका पोट धरधरून हसल्या. शब्द एकीलाही कळला नव्हता. सारिकालाही नाही, तिला फक्त स्पॅनिश येतं. तोंडाळपणात दोघी सख्ख्या बहिणी, दुसरं काय!

हसू ओसरलं. मार्सेला बेबाबाईशेजारी टेकली, तिचा हात हातात घेतला आणि हळूच, या वेळी स्पॅनिशमध्ये, काहीतरी विचारलं.

सारिका म्हणाली, "त्या विचारतात, आमची लेक तुमच्या घरी सुखात आहे ना?"

माहेरची माणसं दारात येऊन हेच तर विचारतात. बेबाबाईला काय वाट्टेल ते बोलता येतं, पण खोटं बोलता आलं नाही. तिची मान खाली गेली. तिनं ललितकडे पाहिलंसुद्धा नाही.

दाराशी उभा ललित चपलेच्या टोकानं माती उकरत होता. "सारिकाताई, त्यासले सांगा," तो म्हणाला, "विहीरजोडेनं वावर तिनंच शे. घरमाईन तिले कोन काढस?"

विहिरीजवळचं वावर पांढऱ्या मक्याला! बेबाबाई हमसून रडायला लागली. लेकीचं काहीतरी वाईट झालं असं वाटून मार्सेला घाबरली, पुन्हा पुन्हा विचारू लागली. सांगणार कोण? सारिकाच डोळे पुसत बसलेली.

शेवटी ललितच पुढं झाला. "चाल माय, दखाडस तुले," असं मार्सेलाला म्हणाला, आणि वावर दाखवायला तिला हाताला धरून घेऊन गेला.